तळहातावरची गुरं

इर्मा क्लेक्नरला कुणी खेळणी दुरुस्त करणारी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. रेशमाच्या गिरणीत माग दुरुस्त करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि मागाला जो मान ती द्यायची तोच तिच्या घराच्या तळघरातल्या जुन्या, वीतभर आगगाड्यांच्या डब्यांना. हे डबे नुसते रुळांवरून धावणारे नव्हेत, काम करणारे. एकाचं दार उघडून बोटाएवढा गडी दुधाचा कॅन फलाटावर ढकलतो, दुसरा ओंडके कलंडून टाकतो. पण तिचा खरा जीव गुरांच्या डब्यात. बटण दाबलं की दार पडतं, रबरी गायी एकेक करून बाहेर येतात, शेजारच्या कोंडवाड्यातून फिरतात आणि परत डब्यात शिरतात. ना दोरा, ना चाक. खालचा पत्रा वीज मिळाली की थरथरतो, गायींच्या तळाला तिरके बारीक केस असतात, त्या थरथरीचं चालणं होतं. एवढंच. पण ज्याला ‘एवढंच’ म्हणून पुढे जाता येतं, त्याने तो डबा बघायला येऊच नये, असं इर्माचं मत.

डबा मूळचा तिच्या थोरल्या भावाचा. मुलींनी हात लावायचा नाही, असा घरात नियम. एका नाताळात गायी थांबल्या. बापाने आणि भावाने डब्यावर बुक्क्या मारून पाहिल्या. सगळे प्रार्थनेला गेले तेव्हा पोट दुखतंय म्हणून इर्मा मागे राहिली आणि तिने स्वयंपाकघरातल्या सुरीने पत्रा उघडला. आत काहीतरी जिवंत असणार, अशी तिची खात्री होती. निघाली तांब्याच्या तारेची एक गुंडाळी आणि लोखंडाची पट्टी. एवढ्याशा ऐवजावर गायी चालत होत्या! निसटलेली तार तिने खोचली. घरी आल्यावर भावाला वाटलं, आपल्या बुक्क्यांचा गुण. तिने वाटू दिलं. त्या दुपारी बसलेला अचंबा मात्र पुढे कधी ओसरला नाही.

भाऊ गेला आणि डबा चर्चच्या पुट्झमध्ये आला. तळमजल्यावर दरवर्षी मांडतात तो नाताळचा देखावा म्हणजे पुट्झ: बाळ येशू, मेंढपाळ, रानातून आणलेल्या शेवाळाचे डोंगर, आणि पेनसिल्व्हेनियातल्या या गावच्या हट्टापायी त्या डोंगरांना वळसा घालणारी आगगाडी. बेथलेहेममध्ये आगगाडी कशी, असं इथे कुणी विचारत नाही. विचारणारा बाहेरगावचा असतो.

या वर्षी देखावा उघडायच्या आदल्या दिवशी गायी हलेनात. पुट्झचा सगळा कारभार ल्यूथर फ्रँकनफील्डकडे. त्याने फोनवर निदानही करून टाकलं: केस झिजले, गायी संपल्या. प्लास्टिकच्या छान मिळतात, चालत नाहीत पण दिसतात बऱ्या. इर्माने त्याला चालत्याबोलत्या बायकोऐवजी पुतळ्याशी संसार करायला सांगितलं आणि डबा-कोंडवाडा घरी आणला.

फोनवर जीभ चालली. अडचण हातांची होती. ईस्टरपासून ते थरथरत होते. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, तुमच्या आईलाही असेल. होतंच. कुणाला कळू नये म्हणून चर्चमध्ये ती कप अर्धाच भरून घ्यायची आणि बोलताना हात कोटाच्या खिशात. आता मनाशी ठरवलं होतं: ही गुरं चालवता आली नाहीत, तर यापुढे स्क्रूड्रायव्हर हातात धरायचा नाही.

पहिला स्क्रू जमिनीवर गेला, दुसरा तिच्या चपलेत. कसाबसा पत्रा सुटा झाला. वाकला आहे का ते बघायला तिने तो तळहातावर घेतला आणि वर सहज एक गाय ठेवली. वायर जोडलेली नव्हती. गाय चालायला लागली.

गाय सावकाश, मान ताठ ठेवून, कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळली. वीज नव्हतीच. होता तो तिचा नको झालेला हात. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग तिच्यातली माग दुरुस्त करणारी जागी झाली: केस झिजलेले नाहीत, म्हणजे गायी निर्दोष. वायर जोडली, तर टेबलावर सगळा कळप फिरला.

ती तशीच चर्चमध्ये आली. जागेवर मांडलं, बटण दाबलं. एक गाय हलेल तर शपथ.

“तुझ्या घरी चालतात आणि इथे नाही?” ल्यूथर म्हणाला. “कॅथलिक झाल्या की काय, आपल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाऊल टाकेनात?”

इर्माने पत्र्यावर बोट टेकलं. थरथर होती, पण उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी. तिने खाली पाहिलं. दरवर्षी कोंडवाडा फळीवर उभा असायचा आणि शेवाळ भोवतीने. या वर्षी ल्यूथरने गायींना चरायला म्हणून ओलं, जाडजूड शेवाळ थेट खाली अंथरलं होतं. सगळी थरथर तेच गिळत होतं.

“गायींना कुरण दिलंस आणि त्यांचे पाय काढून घेतलेस,” ती म्हणाली आणि शेवाळ ओढायला हात घातला. हाताने दगा दिला. दोन मेंढ्या आडव्या झाल्या, मेंढपाळ तोंडावर पडला. तिने हात झटकन मागे घेतला, पण ल्यूथरने पाहिलं होतं.

“कधीपासून?”

“ईस्टर.”

तो टोमणा मारेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्याने बाह्या सारल्या आणि गुडघे टेकले. “सांग. पण हळू सांग, मला ओरडा खायची सवय नाही.”

हे धडधडीत खोटं होतं, त्याची बायको चाळीस वर्षं ओरडत होती. इर्मा सांगत गेली. शेवाळ निघालं, पत्रा कोरड्या फळीवर बसला. ल्यूथर नट जोर लावून पिळायला लागला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. “आवळू नकोस. त्याला हलायला जागा ठेव.”

बटण त्यानेच दाबलं. दार पडलं. पहिली गाय उंबऱ्यावर घुटमळली, जशी खरी घुटमळते, आणि मग कळपच्या कळप पडलेल्या मेंढपाळाशेजारून निघाला. ल्यूथरने हे आयुष्यभर पाहिलं होतं, पण गायींच्या उंचीवर डोळे आणून कधीच नाही. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा.

“इर्मा,” शेवटी तो पुटपुटला, “गुडघे धरलेत. उठव मला.”

तिने खिशातून हात काढला आणि थरथरत होता तसाच पुढे केला.

“मंगळवारी माझ्या तळघरात ये,” त्याला ओढता ओढता ती म्हणाली. “आणि चष्मा पुसून ये. बरंच शिकायचंय तुला.”