अठ्ठाविसावी चाल

‘अरे घड्याळजी, अठ्ठाविसाव्या चालीला डाव सोडलास, तेव्हा तू हरला नव्हतास. वजिराने शह, त्याचा राजा कोपऱ्यात. पुन्हा शह, राजा पुन्हा बाहेर. असं अखंड चाललं असतं. बरोबरी होती, गाढवा. स्पर्धा जिंकायला तुला अर्धाच गुण हवा होता.’

एवढं लिहून ताई थांबल्या. पत्र वाचायला भाऊ उरला नव्हता. मंगळवारी दुकानातच छातीत कळ आली, आणि संपलं.

चाळीस वर्षं त्याने डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली. झाकण उघडलं की एका नजरेत सांगायचा, ‘हे चालेल’ नाहीतर ‘ह्याचं आता काही होणार नाही.’ धंद्यातली ही सवय तो पटावरही न्यायचा. दर रविवारी क्लबात हरायचा आणि दुरुस्तीच्या पावतीमागे सगळ्या चाली लिहून ताईंना पाठवायचा. गणिताच्या निवृत्त शिक्षिका त्या. लाल शाईने चुका दाखवून पावती परत करायच्या.

यंदा क्लबाच्या स्पर्धेत पहिल्यांदाच तो अंतिम डावापर्यंत पोचला. समोरच्या कारकुनाने प्यादं पुढे सरकवलं, ह्याने एकदा पट पाहिला आणि हात पुढे केला. हरलो.

‘ताई, नुसता शेवट बघ. काही होतं का, एवढंच सांग,’ त्याने फोनवर विचारलं.

‘उत्तर आधी बघणारी पोरं नापास होतात. मी पहिल्यापासून तपासणार.’

‘बरं बाई, मास्तरीण. पण लवकर. मला हा खेळ कळतो की नाही, तेवढं तरी समजू दे.’

ताईंनी तीन आठवडे घेतले. नवव्या चालीतला उंट, चौदावीतला आळस, सगळ्यावर लाल रेघा. एकोणिसावीवर असताना भावजयीचा फोन आला.

अठ्ठाविसावी त्यांनी नंतर पाहिली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

‘वन्सं,’ ताई घरी भेटायला गेल्या तेव्हा भावजय म्हणाली, ‘गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी पटच बघत बसायचे. म्हणायचे, काही निघालं तर ताईला घेऊन त्या कारकुनाकडे जाईन. चहा पिऊ आणि त्याला मांडून दाखवू.’

‘कुठे राहतो तो?’

‘हे काय, समोरच. हिरव्या दाराचं घर.’

ताईंनी खिडकीतून पाहिलं. दार उघडंच होतं. कारकून पायरीवर बसून बूट पुसत होता. पत्र पर्समध्ये होतं. पण मांडून दाखवायला दोघं जायची होती. ताई खिडकीतून हलल्या नाहीत.