कागदावर मी सुटलो होतो

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक एका दुपारी कारागृहात गेला आणि अद्याप तो पूर्णपणे बाहेर आला की नाही, याबद्दल त्याच्या घरच्यांमध्ये दोन मते आहेत.

हसू नका. मीही हसतच होतो. भूतबित, चकवा, लागीर... या गोष्टी मी फक्त दुसऱ्यांना घाबरवायला वापरतो. माझ्या साळ्याला एकदा मी असा घाबरवला होता की तो आजही अंधारात एकटा बाथरूमला जात नाही. तेव्हा विश्वासाचं म्हणाल तर, शून्य.

मी बंडूभाऊ. नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे माझं वर्कशॉप आहे. पोळ्या लाटायच्या मोठ्या मशिनी दुरुस्त करतो, होस्टेलच्या, मंगल कार्यालयांच्या, कँटीनच्या आणि कारागृहाच्या. आमच्या नागपूरकडचं एक कारागृह. नाव बदलून सांगायची गरज नाही, कारण सांगतच नाहीये.

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या पोरीचं, प्राचीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. तिचे होणारे सासरे डहाके साहेब रेल्वेतून रिटायर झालेले, घड्याळाच्या बाबतीत भारी कडक. मुलगी पाहायला आले तेव्हा मी मौद्याला एका मशिनीत हात घालून बसलो होतो, पोचलोच नाही. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, "मुलीच्या बापाला वेळ नसेल तर आमालेही नाही." जावयाला टिळा बापानेच लावायचा. म्हणून निघताना प्राची फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, आज वेळेवर या जा."

कारण सकाळीच कारागृहातून फोन आला होता. मशीन बंद, आणि इतक्या माणसांच्या पोळ्या हाताने कोण लाटणार? म्हटलं जातो, दोन तासांचं काम. नवा कुर्ता व्हॅनमध्ये हँगरला टांगला आणि गेलो.

आता कारागृह म्हणजे काय, ते तुम्हाला सांगतो. बाहेरून ती एक भिंत दिसते. आतून तो एक मोठा संयुक्त परिवार आहे, ज्यातल्या जावा एकमेकींशी फक्त लेखी बोलतात. आस्थापना शाखेला फक्त कर्मचारी दिसतात. लेखा शाखेला फक्त बिलं. भांडाराला धान्य, कारखान्याला हत्यारं आणि सतरंज्या, दवाखान्याला ताप. कोणता कैदी कधी सुटणार, हे न्यायालयीन शाखेलाच ठाऊक. बराकीतली गणती तुरुंग विभागाची. आणि माणूस आत आला की बाहेर गेला, हे सांगायचा अधिकार एकट्या गेटचा. एका शाखेने दुसरीच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा तिथला धर्म.

आणि गेट एक नाही, दोन. मधे अंधारी खोली. एक उघडं असेल तर दुसरं बंद. दोन्ही एकदम कधीच उघडत नाहीत. जाताना मोबाईल जमा, हातावर निळा शिक्का. तो शिक्का दिसला तरच बाहेर.

मशीन माझ्या अंदाजापेक्षा लवकर झाली. पहिली पोळी टम्म फुगली, स्वयंपाकातल्या कैद्यांनी टाळ्या वाजवल्या, मी वाकून नमस्कार केला. कलाकार माणूस! पिठाने भरलेला शर्ट झटकत आतल्या गेटमधून मधल्या खोलीत आलो. मागचं दार लागलं. समोरच्या जाळीतून मेश्राम हवालदाराला हात दाखवला.

मेश्राम माझा जुना दोस्त. त्याने शिक्का पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत शिक्क्याकडे.

"बंडूभाऊ, तुमी काहून इथं?"

"मंग कुठं राहू? उघड ना गा!"

"तुमी तर मघाशीच गेले ना."

मला वाटलं, गंमत करतोय. मी त्याची कितीदा केली होती! म्हटलं, "हो, माझा आत्मा गेला. आता शरीर सोड."

तो हसला नाही. "शिक्का पायला मी. तोंड तुमचंच, पोट तुमचंच. सही केली, मोबाईल घेतला, अन् गेले. मीच दार उघडलं."

माझ्या मोबाईलचा कप्पा रिकामा होता.

खरं सांगतो, तोवर मी चिडलो होतो, घाबरलो नव्हतो. माझ्या नावावर कोणी कैदी सटकला, हे उघड होतं. भोंगा वाजला. सगळे बराकीत, गणती सुरू. मी मधल्या खोलीतच, पुढे जाळी, मागे लोखंड. तिथे बसायला बाक नाही, कारण तिथे कोणी थांबणं अपेक्षितच नाही. हवा पण थांबलेली. भिंतीवरचं घड्याळ मात्र मजेत चाललेलं... आणि प्रत्येक मिनिटाला मला डहाके साहेबांचं तोंड दिसायचं.

गणती झाली. पूर्ण जुळली. पुन्हा केली, पुन्हा जुळली. कैदी सगळे आत. एकही कमी नाही!

मग गेलं कोण?

गजभिये मॅडम म्हणून तुरुंगाधिकारी होत्या, शांत बाई. त्यांनी गेटवरच्या फोनवरून माझा नंबर लावला, स्पीकरवर. दोन रिंग झाल्या. उचलला.

मागे सनईची कॅसेट, बायकांचा गलका. आणि मग आवाज आला. माझा.

"हो जी, पोचलो मी. पोरीचं साक्षगंध आहे, नंतर बोलतो."

फोन बंद.

मेश्रामने हातातली किल्ली खिशात टाकली. आणि मी, जो मयतीतही किस्से सांगतो, तो मी भिंतीला टेकलो. कारण आता मला उशिराची भीती वाटत नव्हती. मला भीती वाटत होती ती, मी आत्ता माझ्या पोरीजवळ उभा होतो, याची.

"मॅडम, सोडा मले," मी म्हटलं. "पाया पडतो."

इथून शाखांचा खेळ सुरू. न्यायालयीन शाखेचा बाबू आला, म्हणाला, "सोडायचा आदेश कैद्याचा निघतो. हे कैदी नाहीत." तुरुंग विभाग म्हणाला, "आमची गणती पूर्ण आहे, हे आमचे नाहीत." मेश्राम रडवेला होऊन म्हणाला, "गेटवर हे बाहेर गेलेले आहेत. गेलेला माणूस परत कसा बाहेर काढू?" कोणीतरी सुचवलं, पुण्याला मुख्यालयात विचारू. तेव्हा मात्र मी ओरडलो.

शेवटी मॅडमनीच तोड काढली. म्हणाल्या, "ते कागदावर बाहेर आहेत ना? मग आधी आत घ्या. मग बाहेर सोडा."

आणि त्यांनी मला आत घेतलं! मी जिथे उभा होतो तिथेच, एक पाऊल न हलता. माझ्या दुसऱ्या हातावर नवा शिक्का मारला. मग सही घेतली, आणि दार उघडलं.

व्हॅन जागेवर होती. कुलूप लागलेलं होतं. आत हँगर होता, कुर्ता नव्हता.

कशी चालवली व्हॅन, आठवत नाही. हॉलवर पोचलो तर पंगत उठत आलेली. डहाके साहेब दारातच, तोंडभर हसत. "बंडूभाऊ, कपडे काहून बदलले गा? अन् पीठ कायचं लागलं?" आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर खूश होते. जावयाच्या कपाळावर टिळा होता, सरळ, नीट. माझी बायको शोभा हातात माझा मोबाईल घेऊन आली.

"हात धुवाले गेले ना तुमी आत्ता? फोन धराले देऊन?"

मी बेसिनकडे धावलो. तिथे कोणी नव्हतं. खुंटीवर माझा कुर्ता होता. बाही ओली होती.

पुढे मॅडमनी गेटचा कॅमेरा पाहिला. एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच आहात." साक्षगंधाच्या सगळ्या फोटोंतही मीच आहे, तोंड मिटून मंद हसणारा. मी जन्मात तोंड मिटून फोटो काढलेला नाही. डॉक्टर मित्र म्हणतो, ताणामुळे मला भास झाला. मग मेश्रामलाही झाला? हॉलभर पाहुण्यांना झाला? तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर सांगा. मला आजवर सुचलेलं नाही. कारागृहाचं काम मी सोडलं नाही, पण आता तिथे शिक्क्यासाठी दोन्ही हात पुढे करतो.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर मी शोभा आणि प्राचीला खोलीत बसवून सगळं सांगितलं. दोन्ही हातांवरचे शिक्के दाखवले. शोभा आधी म्हणाली, "तरीच म्हटलं, आज हे इतके गप्प कसे!" आणि हसायला लागली. मीही हसलो. हायसं वाटलं जरा.

प्राची मात्र हसली नाही. साडीचा पदर मुठीत धरून माझ्या पायांकडे बघत होती. आणि एकदम तिच्या तोंडून निघालं,

"बाबा... मंग मी पाया कोणाच्या पडली?"