इसोकोचं मागचं कुंड

इसोको कुदोचं पाहुणेघर आणि माझं टोफूचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. तिच्याकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळायचं आणि माझं नवऱ्याशी काय बिनसलंय ते तिला आवाजावरून. लग्न होऊन आम्ही दोघी या डोंगरातल्या गावात मागेपुढेच आलो.

नवरा गेल्यापासून ती पाहुणेघर एकटी चालवत होती. मोजक्या खोल्या, पुढे बायकांचं आणि पुरुषांचं वेगवेगळं कुंड आणि मागच्या अंगणात घरच्यांसाठी एक लहानसं दगडी कुंड. गरम पाणी डोंगरातून यायचं, रात्रंदिवस, तिच्या आजेसासऱ्यांच्याही आधीपासून. छप्पर गळेल, पाहुणे येणार नाहीत, म्हातारपणी कोण बघेल, या सगळ्या काळज्या आम्ही केल्या. पाण्याची कधी केली नाही.

इसोकोची सासू शेवटची काही वर्षं अंथरुणावर होती. तिला सांभाळायला एन्दांग यायची. जावा बेटावरच्या चहाच्या मळ्यांतली मुलगी, खाली गावातल्या वृद्धाश्रमात नोकरीला लागलेली आणि तिथूनच घरोघर पाठवली जाणारी. डोक्याला कायम रुमाल. सासू तोंडाची तिखट होती. भाताची वाटी भिरकावायची, वर म्हणायची, हिचा रुमाल बघून माझी भूक मरते. एन्दांग वाटी उचलायची, पुसायची आणि पुन्हा भरवायला बसायची. म्हातारीला कुंडात उतरवताना तिच्या बाह्या खांद्यापर्यंत भिजायच्या. स्वतः मात्र ती कधी पाण्यात उतरली नाही. चार बायकांसमोर उघडं होणं तिला जमण्यासारखं नव्हतं आणि मागच्या कुंडाला तेव्हा आडोसा नव्हता.

एका हिवाळ्यात म्हातारी काठावर घसरली. एन्दांगने तिला अंगावर झेललं. म्हातारीला खरचटलंसुद्धा नाही, एन्दांगची कंबर मात्र कायमची गेली. तरी म्हातारी जाईपर्यंत ती येत राहिली आणि मग तिच्या देशी परतली.

निघताना इसोको तिला म्हणाली, "आईला घेऊन ये एकदा. मागच्या कुंडाला कुंपण घालून घेते. तुम्ही दोघीच, दुसरं कुणी नाही. आणि जेवण माझ्या हातचं."

एन्दांगला हसू आलं. इसोकोला ती ओकामी-सान, म्हणजे मालकीणबाई, म्हणायची. "ओकामी-सान, तुमच्या स्वयंपाकातलं आम्हाला चालेल असं फक्त पाणीच आहे."

ती आईबद्दल नेहमी बोलायची. आईने जन्मभर मळ्याच्या उतारावर चहा खुडला, त्यात गुडघे गेले. बर्फात वाफाळणाऱ्या कुंडाचा फोटो एन्दांगने एकदा पाठवला होता. तो आईने भिंतीला चिकटवला होता म्हणे.

मागल्या वर्षी एन्दांगचा फोन आला, येत्या शरद ऋतूत येतो. त्या दिवसापासून इसोको कामाला लागली. आधी कुंपण. सुताराने बांबूचं कुंपण घातलं, तर ही रस्त्यावर उभी राहून टाचा उंचावून बघायची आणि म्हणायची, अजून दिसतं, अजून वर घ्या. सुतार वैतागून म्हणाला, बाई, आता फक्त कावळ्यांना दिसेल. मग स्वयंपाक. आमच्याकडे भाजी शिजवायची तरी तीत घोटभर दारू पडते. बाजारच्या सोया सॉसमध्येही असते. कोंबडी त्यांच्या पद्धतीने कापलेली हवी, ती दूरच्या शहरातून गोठवून मागवायची ठरली. डुकराचं मांस ज्या पातेल्यात शिजलं ते पातेलं नको, म्हणून नवी पातेली, नवा चिरायचा पाट, नवी सुरी आली. इसोको एकेक पदार्थ हातात घेऊन एन्दांगला फोन लावायची आणि हे चालेल का, ते चालेल का, असं विचारत बसायची.

घरचा मिसो तरी चालेल असं तिने धरलं होतं. सोयाबीन, तांदूळ आणि मीठ मुरवायचं, एवढंच तर असतं. मग माझ्याच लक्षात आलं की बुरशी येऊ नये म्हणून पिंपाला आतून दारूचा हात फिरवतो आपण. मिसो मुरायला सगळा उन्हाळा जावा लागतो. तिने त्याच आठवड्यात सोयाबीन भिजत घातले आणि कोरं पिंप उकळत्या पाण्याने धुऊन नवा मिसो घातला. बुरशी आली तर रोज हाताने काढीन म्हणाली. काढलीही.

"माझा टोफू तरी चालेल ना?" मी विचारलं.

"तुझा टोफू चालेल. या गावात न पिणारा तो एकटाच आहे," ती म्हणाली.

नमाजासाठी दिशा कोणती तेही तिने विचारून ठेवलं होतं. पर्सिमनच्या झाडाकडची खिडकी. त्या खोलीतलं कपाट तिने आणि मी मिळून हलवलं.

पाहुण्या यायच्या आदल्या आठवड्यात भूकंपाचा एक धक्का बसला. मोठा नव्हता. माझ्या दुकानातलं एक भांडंही पडलं नाही. आम्हाला त्याचं काय कौतुक? पण एक-दोन दिवसांनी इसोको सकाळी भिंतीपलीकडून मला हाक मारायला लागली. तिच्या आवाजाने मी हातातलं काम टाकून गेले. कुंडावर वाफ नव्हती. मी पाण्यात हात घातला, तर ते चुलीवरून उतरवून विसरलेल्या पाण्यासारखं होतं. दुपारी ते गढूळ झालं, संध्याकाळी नळीतून नुसता चिखल आला आणि मग काहीच नाही. गावातल्या तिन्ही पाहुणेघरांचा झरा एकच. तिन्हीकडे तेच.

प्रांताच्या कचेरीतून माणसं आली, उपकरणं लावून गेली. जमिनीच्या पोटात काही सरकलं असावं म्हणाले. परत येईल का, असं इसोकोने विचारलं. त्यांच्यातला वयस्कर माणूस सभ्य होता. तो म्हणाला, येईलही आणि नाहीही. याहून जास्त मी सांगितलं तर ते खोटं होईल.

इसोको दोन दिवस फोनजवळ बसून होती, हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. शेवटी मीच नंबर लावून फोन तिच्या कानाला दिला. तिने सगळं सांगितलं आणि माफी मागितली, पुन्हा मागितली. एन्दांगने ऐकून घेतलं. मग म्हणाली, इबूने सगळ्या आळीला सांगून ठेवलंय. नवीन स्वेटर विणून घेतलाय. आम्ही येतो. इबू म्हणजे तिची आई.

त्या आल्या. एन्दांग थोडी जाड झाली होती आणि कंबरेला पट्टा होता. आई, सुमार्नी, अगदी लहानखुरी, काठी टेकत चालणारी. तिने इसोकोचे दोन्ही हात धरले आणि आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगितलं. एन्दांगने आम्हाला एवढंच सांगितलं की ती आभार मानते आहे. इसोको मान खाली घालून उभी राहिली. आभार कसले, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

पलीकडच्या खोऱ्यात नदीकाठी एक पाहुणेघर आहे, त्यांचं पाणी शाबूत होतं. तिथला मालक भला. लाल पानं बघायला लोक येण्याचा हंगाम, घर भरलेलं, तरी सकाळी तासभर बायकांचं कुंड तुमच्यासाठी राखून ठेवतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या टेम्पोतून आम्ही चौघी निघालो. इसोको वाटेत पहिल्यांदाच मोकळेपणी बोलली.

ते कुंड नदीच्या पात्रात आहे. खाली उतरायला दगडी पायऱ्या, उंच आणि पावसाने शेवाळलेल्या. एक वळण घेऊन त्या झाडीत दिसेनाशा होतात. आमच्यापैकी कुणालाच त्या आठवल्या नव्हत्या, कारण आमचे पाय अजून चालत होते. सुमार्नीबाई पहिल्या पायरीवर उभी राहिली. एक पाऊल खाली टाकलं आणि तिचा गुडघा दुमडला. एन्दांगने तिला सावरलं, तेवढ्यानेच तिच्याही कंबरेतून कळ निघाली. ज्या बाईने आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या उचलल्या होत्या, तिला स्वतःची आई उचलता येत नव्हती. मालक पाठीवर घ्यायला पुढे झाला. एन्दांगने आईला विचारलं. आईने मानेनेच नको म्हटलं, तसा तो माफी मागून मागे सरकला.

मग इसोको सुमार्नीबाईसमोर पाठ करून पायरीवर खाली बसली. "बसा," ती म्हणाली. "मी नेते. माझ्या सासूला मी नाही नेलं, तुमच्या मुलीने नेलं. बसा."

एन्दांगने ते आईला सांगितलं. खालून पाण्याचा आवाज येत होता, वाफेची ऊबही वर येत होती. सुमार्नीबाईने इसोकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?"

"म्हणते," एन्दांग म्हणाली, "हीसुद्धा म्हातारीच आहे. दोघी पडू."

मी इसोकोला दंडाला धरून उठवायला लागले. ती उठेना. ओल्या दगडावर तशीच बसून राहिली, पाठ वाकवून. शेवटी मी तिच्यावर चिडले तेव्हा उठली. आम्ही तशाच टेम्पोतून परतलो. सुमार्नीबाई तेवढी खिडकीतून लाल पानं बघत होती आणि मधेच मुलीला बोटाने दाखवत होती.

दुपारी जेवणं झाली. मिसोचं सार, मिठात भाजलेला मासा, कोंबडीचा रस्सा, माझा टोफू. सुमार्नीबाईने साराची वाटी दोनदा मागून घेतली. चांगलं जेवली. इसोको समोर बसून तिच्याकडे बघत होती, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान काही उमटलं नाही. जे महिनोन्महिने राबून साधायचं ते साधलं होतं. जे आपोआप मिळत होतं तेच नव्हतं.

जेवणानंतर सुमार्नीबाईने मागचं कुंड बघायला मागितलं. इसोको नको नको म्हणाली, आता तिथे बघण्यासारखं काही नाही. पण बाई निघालीसुद्धा. कुंड कोरडं होतं, तळाशी चिखलाचा पापुद्रा सुकला होता. उन्हं कुंपणावरून आत आली होती. बाईने काठी बाजूला ठेवली, मुलीचा हात धरून उथळ बाजूने आत उतरली आणि स्वेटर, लुंगी, रुमाल सगळ्यासकट तळाशी पाय पसरून बसली. पाठ दगडाला टेकवली. मग तिने इसोकोला काहीतरी विचारलं.

एन्दांगने ते आम्हाला सांगितलं. "विचारते की पाणी कुठवर यायचं."

इसोको काठावर गुडघे टेकून बसली. तिने हात लांब करून सुमार्नीबाईच्या खांद्याखाली आडवा धरला. "इथवर," ती म्हणाली आणि हात तसाच धरून राहिली. सुमार्नीबाईने डोळे मिटले. आम्ही उभ्या होतो. ऊन कुंपणापलीकडे गेलं तेव्हा एन्दांग म्हणाली, इबू, गार होईल, चल.

त्या दोघी गेल्या. पहिला बर्फ पडला तेव्हा इसोकोने पाहुणेघराची पाटी उतरवली. इतर दोघांनी त्याआधीच उतरवली होती. आता ती सकाळी माझ्याकडे टोफू कापायला येते. हात चांगला आहे तिचा. मागच्या अंगणात मात्र जात नाही, कपडेसुद्धा पुढे वाळत घालते.

अधूनमधून एन्दांगचा फोन येतो. सुमार्नीबाई आता घराबाहेर पडत नाही म्हणते. आई शेजारीच बसलेली असते आणि दर वेळी एकच प्रश्न विचारते, पाणी आलं का. इसोको हातातली सुरी खाली ठेवते, एप्रनला हात पुसते आणि सांगते, अजून नाही.