यागोदका पंधराचं शोकपत्रक

पस्तिसाव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, लेल्या दोन्का म्हणजे दोन्कामावशी वाचनालयात आल्या. रालित्सा परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होती. दोन्कांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला. त्यांच्या मुलीचं पहिलं शोकपत्रक.

"रविवारी चाळीस दिवस होतात," त्या म्हणाल्या. "नवीन छापायचंय. मजकूर तूच लिही, राली."

रालित्सा 'हो' म्हणाली आणि उरलेली पुस्तकं लावू लागली. दोन पुस्तकं चुकीच्या खणात गेली. ती तिने तशीच राहू दिली.

डॅन्यूबकाठच्या सिलिस्त्रात माणूस गेलं की त्याचं नाव एकदा जाहीर करून भागत नाही. फोटो छापलेलं पत्रक दारावर, बसथांब्यावर, बाजाराच्या भिंतीवर लागतं. चाळिसाव्या दिवशी नवं लागतं, सहा महिन्यांनी नवं, वर्षाने नवं. आधीच्या पत्रकात चूक झाली असेल तर ती पुढच्यात सुधारता येते.

पहिल्या पत्रकावर फोटोखाली एवढंच होतं: तेमेनुझ्का पेइचेवा, वय अठ्ठावीस, आमची लाडकी मुलगी आणि भाची. तो मजकूरही रालित्साचाच. तो लिहिला त्या सकाळी दोन्का म्हणाल्या होत्या, "ती लिहायची, तेही घाला ना." त्यांचे भाऊ आसेन म्हणाले होते, "काय घालू? पोरीबाळींसाठी चुम्माचाटी लिहायची म्हणून?" मग दोघांनी रालित्साकडे पाहिलं होतं. साहित्याची पदवी तिच्याकडे होती. ती म्हणाली होती, "साधंच राहू दे."

तेमेनुझ्काला सगळे मेनी म्हणत. रालित्सा आणि ती पहिलीपासून एका बाकावर. मेनीचे वडील स्पेनला संत्री तोडायला गेले आणि तिकडेच राहिले. दोन्का रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. मेनी नववीत होती तेव्हा तिने चौकटींच्या वहीत एक गोष्ट लिहायला घेतली. डॅन्यूबवरच्या एका जुन्या फेरीबोटीत चार मुलं राहतात आणि गाणी वाजवतात. बोट या काठावरून त्या काठाला जाते आणि परत येते. मुलं कुठल्याच काठावर उतरत नाहीत.

वही वर्गातल्या मुलींमध्ये फिरायची. परत यायची तेव्हा कोपरे दुमडलेले असायचे, समासात बदाम काढलेले असायचे. एकदा मुलांनी ती पळवली आणि फळ्यापुढे उभं राहून नाजूक आवाज काढत वाचली. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी वही घेतली, अर्धं पान वाचलं आणि म्हणाल्या, "पेइचेवा, डोकं आहे तुला. मग हे काय?" मुलांना त्या काही बोलल्या नाहीत.

शाळा संपल्यावर रालित्सा तर्नोवोला साहित्य शिकायला गेली. मेनी शिलाईच्या कारखान्यात कटिंगला लागली. दिवसभर कोटांची अस्तरं कापायची. वीस मिनिटांच्या सुट्टीत आणि बसमध्ये फोनवर लिहायची. एकाआड एक शुक्रवारी एक प्रकरण साइटवर टाकायची. तिथे तिचं नाव यागोदका पंधरा होतं. यागोदका म्हणजे इवलीशी स्ट्रॉबेरी. पंधरा हे नाव घेतलं तेव्हाचं वय. वय वाढत गेलं, आकडा तोच राहिला. तेरा वर्षांत तीनशे अकरा प्रकरणं झाली.

कारखान्यातल्या बायकांना हे माहीत होतं. सोमवारी कुणीतरी विचारायचंच.

"काय गं यागोदके, या वेळी तरी तोंडाला तोंड लागलं का?"

"नाही. नदीला पूर आलाय."

"तेरा वर्षं पूरच येतोय. नदी आहे का फुटका नळ?"

सगळ्या हसायच्या. मेनीही हसायची. पण विचारायला कुणी विसरलं असं कधी झालं नाही.

तिसऱ्या वर्षाला रालित्साने सवंग वाचनावर एक निबंध लिहिला. उदाहरणं शोधायला लांब जावं लागलं नाही. यागोदका पंधराची सात वाक्यं तिने उचलली. प्राध्यापकांना निबंध आवडला. त्यांनी वर्गात एक वाक्य वाचून दाखवलं: त्याने हात सोडला तेव्हा माझा हात अजून त्याच्याच हाताच्या आकाराचा होता. त्यांनी ते लाडिक आवाजात वाचलं. वर्ग हसला. रालित्साही हसली. तिला सहापैकी सहा मिळाले.

उन्हाळ्यात ती घरी आली तेव्हा तिने स्वतःच मेनीला सांगितलं. दोघी धक्क्यावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या.

"कुठली सात?" मेनीने विचारलं.

रालित्साने सांगितली.

"पाचवं मलाही आवडत नाही," मेनी म्हणाली. "सहापैकी सहा मिळाले ना? मग बोझा पाज मला. मोठा ग्लास."

तो दाट, आंबटगोड बोझा पिऊन झाल्यावर तिने ओठ पुसले आणि म्हणाली, "वाईट लिहिलेलं लोक बाजूला ठेवतात गं. त्याला हसत नाहीत. कोण वाचतंय ते बघून हसतात."

रालित्साने तेव्हा काहीतरी उत्तर दिलं होतं. त्यात एका सिद्धांताचं नाव होतं. कुठल्या, ते आता तिला आठवत नाही.

एका बुधवारी, सकाळी साडेदहाला, कटिंगच्या टेबलाशी मेनी खाली बसली. हातात लाकडी पट्टी होती. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती, असं नंतर कळलं. त्या शुक्रवारी तीनशे बारावं प्रकरण यायचं होतं.

त्या मंगळवारी वाचनालयात रालित्साने संगणकाचा पडदा दोन्कांकडे वळवला. तीनशे अकराव्या प्रकरणाखालच्या प्रतिक्रिया ती रोज सकाळी वाचत होती. कुणाला सांगितलं नव्हतं.

"यागो, आजारी आहेस का?"

"दोन शुक्रवार गेले. दामियान बोटीवरून उतरला का, एवढं तरी सांग."

"आमच्यावर चिडलीस का? मागच्या वेळी मी जे लिहिलं ते मागे घेते. खरंच मागे घेते."

दोन्कांनी चष्मा घातला, वाचलं, चष्मा काढला. "यांना माहीत नाही?"

"खरं नाव यांना ठाऊकच नाही. पत्रक पाहिलं असेल तरी कळलं नसेल."

"म्हणजे पोरी वाट बघतायत."

"हो."

दोन्कांनी कागदाची पुन्हा घडी घातली. आधी होती तशीच, चारपदरी.

बुधवारी तिघं बाय स्पासच्या छापखान्यात गेली; वडीलधाऱ्या पुरुषाला इथे 'बाय' म्हणतात. आसेन गाडी घेऊन आले होते. मेनीला शाळेत सोडायचे, तिचा पहिला फोन घेऊन दिला, ते हेच वुइचो आसेन, तिचे मामा. बाय स्पासच्या संगणकात चौकटी तयार होत्या. त्यांनी फोटो बसवला, क्रॉस बसवला.

"नावाखाली काही घालायचं? शिक्षिका, इंजिनिअर, आजी, काय असेल ते."

"लेखिका," दोन्का म्हणाल्या. "आणि खाली यागोदका पंधरा."

बाय स्पासचा हात थांबला.

"पुस्तक कुठाय?" आसेन म्हणाले. "लेखिका म्हणजे पुस्तक लागतं. कटिंग कामगार घाल, त्यात लाज नाही. आणि ते दुसरं काय? शोकपत्रकावर स्ट्रॉबेरी? लोकांना वाटेल मुरंब्याची जाहिरात लावलीये."

बाय स्पासना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

"किरिलच्या पत्रकावर फुटबॉलच्या क्लबाचं चिन्ह होतं," दोन्का म्हणाल्या. किरिल त्यांचा थोरला भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेलेला. "निळं-पांढरं. रंगीतच हवं म्हणून तू भांडलास इथे. उभ्या जन्मात त्याने चेंडूला पाय लावला नव्हता."

"तो गावाचा क्लब आहे, दोन्के."

"हरले की स्वयंपाकघरात बसून रडायचा तो. पन्नाशीचा माणूस. त्याला कुणी हसलं?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

आसेननी खिडकीबाहेर पाहिलं. "वेगळं आहे एवढं माहितीये. सांगता येत नाही." मग ते म्हणाले, "चौकात सगळे वाचतील ते. जिवंतपणी हसले ते पुरे नाही झालं? आता त्या कागदापुढे उभे राहून हसतील. मला ऐकवणार नाही."

मागच्या खोलीत यंत्र चालू होतं. दुसऱ्या कुणाची पत्रकं एकावर एक पडत होती.

दोन्का रालित्साकडे वळल्या. "तू शिकलीयेस. खरं सांग मला. हिला लेखिका म्हणतात का? नसतील म्हणत तर नको छापूया. दारावर खोटं नको."

रालित्साने बाय स्पासच्या पडद्याकडे पाहिलं. मेनीचा फोटो कारखान्याच्या ओळखपत्रावरचा होता. केस घट्ट बांधलेले. रालित्साला रडू येत नव्हतं. छत्तीस दिवसांत एकदाही आलं नव्हतं. परीक्षेसाठी तिने जे मोठे ग्रंथ वाचले होते त्यांतही माणसं पत्राची वाट बघत शंभर-शंभर पानं खिडकीशी बसून होती. त्यांना प्राध्यापक लाडिक आवाजात वाचत नसत. एवढंच डोक्यात आलं. त्यापुढे काही सुचलं नाही.

"म्हणतात," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मागच्या वेळी मी साधं राहू दे म्हटलं. तेव्हा मला लाज वाटली होती. तिची."

"आणि आता?" आसेननी विचारलं.

"आता काहीच वाटत नाहीये, वुइचो आसेन. पण ती लेखिका होती."

आसेननी गाडीच्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "माझ्या दारावर नाही लागणार हे."

"नको लावूस," दोन्का म्हणाल्या.

बाय स्पासनी चष्मा नाकावर घेतला. "पंधरा आकड्यात का अक्षरात?"

"आकड्यात," रालित्सा म्हणाली. "ती तसंच लिहायची."

पत्रकं चिकटवायला आसेन आले नाहीत. दोन्का आणि रालित्साने ती चिकटवली. शाळेच्या फाटकाशी एक, कारखान्याच्या बसथांब्यावर एक, बाजाराच्या भिंतीवर दोन. बाजारात एक भाजीवाला जवळ येऊन वाचू लागला. "यागोदका?" तो म्हणाला आणि त्याला हसू आलं. दोन्कांनी ब्रशाने कागदाचा वरचा कोपरा दाबला, मग खालचा. तो परत गाड्याकडे गेला. आसेन म्हणाले होते तसंच झालं होतं.

घरी येऊन रालित्साने साइटवर खातं उघडलं आणि तीनशे अकराव्या प्रकरणाखाली पत्रकाचा फोटो लावला. काय लिहावं ते सुचेना. तिने काहीच लिहिलं नाही.

पहिलं उत्तर आलं: "अशी थट्टा करू नका."

दुसरं: "अठ्ठावीस? मला वाटायचं ती माझ्याएवढी आहे."

मग बराच वेळ काही नाही. मग एकदम चाळीस-पन्नास. दहा-बारा वाचून रालित्साने पडदा मिटला.

रविवारी स्मशानात ऊन होतं. दोन्कांनी गहू उकडून त्यावर पिठीसाखर घातली होती, अक्रोड घातले होते. कारखान्यातल्या सहा बायका आल्या. आसेनही आले. त्यांनी मेणबत्त्या लावल्या, थडग्यावर वाइन ओतली.

शेवटी तीन मुली आल्या. चौदा-पंधराच्या. दुलोव्होहून बसने आलो म्हणाल्या. एकीच्या दातांना तारा होत्या. आधी चुकीच्या थडग्याशी जाऊन आलो, असंही तिने सांगितलं. त्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. दोन्कांनी प्लास्टिकच्या पेल्यांत गहू घालून त्यांना दिले.

"थँक यू," तारांवाली म्हणाली.

"इथे आभार नाही मानायचे," आसेन हळू आवाजात म्हणाले. "देव तिला क्षमा करो, असं म्हणायचं."

मुलीने पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिला खरोखरच कळलं नव्हतं. "क्षमा कशाची?" तिने विचारलं. "तिने काय केलं?"

आसेननी वाकून विझलेली मेणबत्ती पुन्हा लावली.

"म्हणायची पद्धत आहे, बाळा," दोन्का म्हणाल्या. "खा तू."

मुली खाऊ लागल्या. मधली, जिचे डोळे सुजले होते, ती थोड्या वेळाने म्हणाली, "काकू, एक विचारू? शेवट काय करणार होती, तुम्हाला बोलली होती का? दामियान उतरतो का बोटीवरून?"

दोन्कांनी रालित्साकडे पाहिलं. रालित्साला माहीत नव्हतं. निबंधाच्या वेळी तिने चाळीस प्रकरणं चाळली होती, सात वाक्यं घेतली होती आणि वाचन तिथेच थांबवलं होतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी वाचलेलं नाही."

"मीही नाही गं," दोन्का म्हणाल्या. "घरात असायची, लिहीत असायची. मी म्हणायची, डोळे जातील, ठेव तो फोन." त्या शेजारच्या बाकावर बसल्या आणि बाजूची जागा हाताने झटकली. "ये इथे. कोण हा दामियान?"

"कुठून सांगू?"

"पहिल्यापासून सांग."

मुलगी बसली. बाकीच्या दोघी समोर गवतावर बसल्या. "आधी बोट येते," ती म्हणाली. "बोटीचं इंजीन बिघडलेलं असतं." दुसरी म्हणाली, "नाही गं, आधी ती मुलगी धक्क्यावर उभी असते." दोघींची जुंपली. दोन्का एकीकडे बघत होत्या, मग दुसरीकडे. कारखान्यातल्या बायका जवळ सरकल्या.

आसेन झाडाखाली उभे होते. गाडीकडे गेले नाहीत.

"राली," दोन्का मान न वळवता म्हणाल्या, "झाकण ठेव, गहू सुकतील."

रालित्साने झाकण ठेवलं.