निकालाच्या दिवसाचं जेवण

आमच्या शेजारच्या मावशीचा मुलगा पोलिसांच्या गोळीने गेला, तेव्हा आम्ही सुरतेतल्या लिंबायतच्या त्याच गल्लीत राहत होतो जिथे आजही राहतो. मावशी आणि माझी आई धुळ्याकडच्या एकाच गावच्या. दोघींचे नवरे लूम चालवायला सुरतेत आले आणि दोघींनी भिंतीला भिंत लावून घरं घेतली. मावशीचा तो एकुलता एक. डाईंग मिलमध्ये कामाला होता, त्यामुळे त्याच्या नखांत कायम कुठलातरी रंग असायचा. माझ्या वडिलांची कंबर गेल्यावर आमचं पाण्याचं पिंप तोच भरायचा, न सांगता. एकदा हाणामारीत पोलीस चौकीत जाऊन आला होता, हेही खरं.

कडोदऱ्याच्या रस्त्यावर भर दुपारी ते घडलं. तो एका ओळखीच्या मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसला होता. पोलिसांनी सांगितलं की दोघे चेन खेचून पळत होते आणि आधी गोळी त्यांनी झाडली. चालवणारा वाचला. तो म्हणाला, आम्ही घाबरून पळालो, आमच्याकडे काही नव्हतं. आधी पेपरात आणि टीव्हीवर फक्त पोलिसांचंच म्हणणं आलं. पुढे चौकशी झाली, पोलिसांवरच खटला उभा राहिला आणि तो वर्षानुवर्षं चालला.

मावशीला गुजराती बाजारापुरती येते. कोर्टातली भाषा तिच्या डोक्यावरून जायची. मी गुजराती शाळेत शिकलेली, घरी मुलांच्या शिकवण्या घेते. म्हणून दर तारखेला मी तिच्यासोबत जायची आणि हळू आवाजात अहिराणीत सांगायची. तिची अट एकच होती, वाईट काही बोलले तरी गाळायचं नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. न्यायाधीश बराच वेळ वाचत होते, आणि शेवटी म्हणाले, "आरोपीओने निर्दोष छोडी मूकवामां आवे छे."

आरोपी पोलीस सुटले. मागे कोणीतरी टाळी वाजवली, कोणीतरी ओरडलं. मावशीने माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहरा असा उजळला होता की मला कळेचना.

"आयकं का तू?" ती म्हणाली. "निर्दोष म्हने. शेवट बोलना ना साहेब. मना पोऱ्या निर्दोष."

इतक्या वर्षांत तिला तो एकच शब्द ऐकायचा होता, आणि तो कानावर पडला तेव्हा तिने तो आपल्या मुलालाच दिला. मला वाटलं, बाहेर जाईपर्यंत तरी राहू द्यावं. पण तिची अट होती.

"मावशी, त्या पोलिसस्ले म्हने. तुना पोऱ्याले नही."

तिने हात सोडला नाही. "मंग मना पोऱ्याले काय म्हने?"

"काहीच नही म्हने."

 तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "घर चाल."

आम्ही रिक्षा केली. रिक्षावाला मोबाइलवर बातम्या लावून बसला होता. सुटलेल्या पोलिसांना हार घालत होते, पेढे वाटत होते. मावशीला बघून त्याने आवाज बंद केला.

गल्लीच्या तोंडाशी दुकानांची शटरं खाली होती. नवागामपर्यंतची पोरं जमली होती, निकालाविरुद्ध मोर्चा निघणार होता, घोषणा चालू होत्या. विजेच्या खांबाला मोठा फ्लेक्स बांधला होता. मावशी त्यासमोर थांबली.

"हाऊ कोन शे?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एक जण म्हणाला, "मावशी, तुना पोऱ्या." फ्लेक्सवाल्याने फोटो मोठा करताना रंग उजळला होता, गालावरचा व्रण पुसला होता, आणि अंगात कोणाचा तरी कोट चढवला होता.

"मना पोऱ्या सावळा व्हता," मावशी अगदी शांतपणे म्हणाली. "बदली दे बेटा. त्यानं तोंड त्याले ऱ्हाऊ दे."

त्यांनी फ्लेक्स उतरवला. मावशीने घरातला तसबिरीतला फोटो काढून दिला आणि त्या लहानशा फोटोच्या मागे मोर्चा गेला. ती स्वतः गेली नाही. मोठ्या रस्त्यावर पोलिसांनी अडवलं, थोडी ढकलाढकली झाली, पोरं परत आली. फोटो जपून आणला.

दिवेलागणीला तिच्या घरी पहिलं ताट आलं. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात. पण पोरगा गेला तेव्हा त्या दारात फक्त माझी आई गेली होती. बाकीच्यांना कळत नव्हतं की तो चोर होता की नव्हता, आणि पोलिसांची गाडी गल्लीतून फिरत होती. त्या संध्याकाळी मात्र कळण्याची भाकरी आली, उडदाची डाळ आली, भरीत आलं.  बायका ताट ठेवायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या.

सगळ्यात शेवटी कोपऱ्यावरच्या घरातली वहिनी आली. तिचा नवरा हवालदार. या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण त्या दिवशी तिने सकाळपासून दार लावून घेतलं होतं. झाकलेला डबा घेऊन ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. बाहेरची पोरं कुजबुजायला लागली.

"मी तेव्हा यायला हवं होतं," ती म्हणाली. तिने डबा पुढे केला.

मावशीने डबा घेतला आणि विचारलं, "जेवनी का तू?"

तिने मान हलवली, नाही म्हणून. मावशीने तिला आपल्या शेजारी बसवलं आणि एकाच ताटात दोघी जेवल्या. बाहेर कुजबुज थांबली.

आता वरच्या कोर्टात अपील आहे. तारीख लागली की मी जाते. मावशी पुन्हा मजुरीवर साड्यांचे सुटे धागे कापायला बसते, पण पूर्वी एकटी बसायची, आता तिच्या ओट्यावर चार बायका असतात. तिच्या पोराचं नाव इतकी वर्षं गल्लीत कोणी घेत नव्हतं, आता घेतात. त्याने कोणाच्या मुलीला सायकल शिकवली, कोणाच्या लग्नात भांडून जास्तीची जिलेबी खाल्ली. परवा मिलमधला त्याचा जुना सोबती आला होता. त्याने सांगितलं की एकदा पाळीवरून सुटल्यावर हा बसमध्ये झोपला आणि थेट बारडोलीला उतरला, तिथून उसाच्या ट्रकवर बसून आला, आणि घरी सांगितलं की ओव्हरटाइम होता.

मावशी तोंडाला पदर लावून हसली. हातातली कात्री तिने बाजूला ठेवली.

"आजून सांग," ती म्हणाली.