तानूबाईनं दिलेला डाग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या फजितीचे किस्से तुम्ही पोटभर ऐकलेत — बैलाचं औषध मालकाला पाजलं तो, स्कूटरसकट ओढ्यात गेलो तो. हा मात्र मी दर वेळी गाळत आलो. का? यातही फटफजिती माझीच — पण हसू येत नाही.

सत्तरचं दशक. म्हसवडला माझा दवाखाना होता. बिरा मेंढपाळ आला, सोबत बायको तानूबाई. त्याच्या मानेवर वर्षानुवर्षं लिंबाएवढी गाठ होती. ती एकाएकी वाढून दगडासारखी झाली होती, आवाज पार बसलेला. अशी गाठ दिसली की घाबरायचं, हे मी मेडिकल कॉलेजात घोकलं होतं. पण मला सुचला विनोद! म्हटलं, "मेंढरांवर वरडणं कमी कर, गड्या." सगळा दवाखाना हसला. मानेला आयोडीन फासून मी त्याला वाटेला लावलं.

तानूबाई हसली नव्हती. "आवं डागदर, त्येला पानीबी गिळंना."

मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

गाठ वाढतच गेली. वाडीतली आजारी पोरं, मेंढरं तानूबाईकडेच डागायला आणत; शेवटी तिनं, त्यांच्यात देतात तसा, गाठीवर तापल्या विळ्याचा डाग दिला. मग सांगलीला नेलं. तिथं गाठीचा तुकडा तपासला — थायरॉइडचा कॅन्सर, क्वचित होणारा आणि सगळ्यांत झपाट्याचा. श्वासनलिकेला विळखा पडलेला, कापायची सोय नाही. श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं, किरणांचा शेक दिला. बिरा गेला.

मी आधी पाठवला असता तर वाचला असता? कोण जाणे. ते सोडा. त्याचा भाऊ विचारायला आला, "असं कसं झालं वं डागदर?" — तेव्हा भरल्या दवाखान्यात मी काय म्हणालो?

"डाग दिलात ना? त्यानंच चेतलं."

तानूबाई उंबऱ्यात उभी होती. तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

डागानं तो रोग चेतत नाही. मला ठाऊक होतं — बोलतानाही! पण वाडीनं ऐकलं. पुढं कुणी तिच्या हाती आजारी पोर दिलं नाही, मेंढरूसुद्धा नाही.

काही वर्षांनी ती एकटीच आली. दुखणं काही नव्हतं. "डागदर, म्या डाग दिला नसता तर ऱ्हायला असता का वं त्यो?"

मी म्हणालो, "आता जाऊ दे, तानूबाई."

त्या वेळी दवाखान्यात आम्हा दोघांशिवाय कुणीही नव्हतं.