लिफ्टमधलं दुसरं स्टूल

आमच्या इमारतीच्या लिफ्टमनचा मला एके काळी मनापासून राग यायचा. त्याचा गुन्हा एवढाच, की माझे वडील त्याच्याजवळ हसायचे.

माणूस तसा सरळ. एकोणीस वर्षं त्याच लिफ्टमध्ये. करडा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. सकाळी आल्या आल्या सातही मजल्यांची बटणं फडक्याने पुसायचा. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाकडे पाहुणे येऊन ठाण मांडून बसलेत, सगळं त्याला ठाऊक. पण तोंडातून चकार शब्द नाही.

माझे वडील, आप्पा, बसवर कंडक्टर होते. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं. मी लॅबमध्ये कामाला. डबा, गोळ्या, पाणी, सगळं त्यांच्या हाताशी ठेवून आठला निघायचे ती सहाला परत. एक दिवस परत येते तर लिफ्टमध्ये दोन स्टुलं. एकावर लिफ्टमन, दुसऱ्यावर आप्पा. मी आत शिरले, पण लिफ्ट हलेना. आप्पांनी भिंतीवर बोटाने दोनदा टकटक केली. "डबल बेल," म्हणाले, तेव्हा कुठे लिफ्टमनने बटण दाबलं. सहावा मजला आला तशी एक टकटक झाली. "चला, उतरून घ्या," आप्पा म्हणाले. मला, पोटच्या पोरीला.

पुढे हाच नेम झाला. आप्पांनी बेल दिल्याशिवाय लिफ्ट हलायची नाही. काही जण हसायचे, काही कुरकुरायचे. लिफ्टमन आप्पांना 'साहेब' म्हणायचा. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. घरी मात्र सगळी शांतता. "जेवलात?" "हो." "गोळी घेतली?" "हो." राबायचं मी आणि हसू सगळं लिफ्टमध्ये खर्च व्हायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी मी कमिटीला निनावी पत्र टाकलं: लिफ्टमध्ये एक गृहस्थ दिवसभर बसून असतात, रहिवाशांची अडचण होते. तीन दिवसांत हुकूम निघाला. लिफ्टमध्ये एकच स्टूल राहील. त्या संध्याकाळी मी जवळजवळ खुशीतच घरी आले. लिफ्टमध्ये स्टूल एकच होतं खरं. त्यावर आप्पा बसले होते आणि लिफ्टमन उभा होता.

दोन आठवडे तो तसाच उभा राहिला. त्याच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या दिसल्या, पाय सुजून वर आले होते. एकदा आप्पा वर झोपलेले असताना मी विचारलंच, "उभे का राहता तुम्ही?"

"हुकूम एका स्टुलाचा आहे, ताई. त्यावर कोणी बसायचं ते नाही लिहिलं."

"एवढं काय बोलतात हो ते तुमच्याशी?"

"तेच तेच बोलतात. मी फक्त मध्ये तोंड घालत नाही."

हे मला चांगलंच झोंबलं. त्याला जमतं ते मला का जमू नये? त्याच संध्याकाळी जेवताना आप्पांनी बॅगेची गोष्ट काढली. बसमध्ये विसरलेली बॅग त्यांनी मालकाला शोधून परत केली होती. एरवी मी "माहीत आहे आप्पा, शाबासकी मिळाली" म्हणून गोष्ट तिथेच संपवते. त्या दिवशी चढाओढीने गप्प राहिले. ओट्याशी उभी, हातात ताट.

"शाबासकी मिळाली," आप्पा म्हणाले, "आणि वर आठ दिवसांची रजा. आठही दिवस मी घरी. नवव्या दिवशी निघालो तर तिकिटाचा चिमटा सापडेना. घर पालथं घातलं. निघाला कुठे, तर पिठाच्या डब्यात. मी कामावर जाऊ नये म्हणून तू लपवलेला. पाच वर्षांची होतीस."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. इथपर्यंत मी त्यांना येऊच दिलं नव्हतं.

"मग?"

"मग काय, उशीर झाला. डेपोत बोलणी खाल्ली. तुझं नाव नाही सांगितलं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "स्टुलाचंही नाही सांगणार. पण त्याचे पाय सुजलेत गं. बसू दे त्याला."

मान वर करायची सोय राहिली नाही. आणि खरं सांगते, तेव्हासुद्धा आत टोचलंच. काळजी त्याच्या पायांची.

"पाय माझेही दुखतात, आप्पा," मी म्हणाले. "मीही दिवसभर उभीच असते."

"मग बस की," आप्पा म्हणाले. "रोज ओट्याशी उभ्याने जेवतेस. मला इथे आणल्यापासून एकदा तरी बसलीस माझ्यासमोर?"

मी खुर्ची ओढली आणि बसले. कमिटीला दुसरं पत्र मी तिथेच, त्यांच्यासमोर लिहिलं. खाली सही केली.